तिसरा रकाना: ४,८७,८०३ या आकड्याचा इतिहास

१/
२०११ च्या जनगणनेत भारतात प्रथमच लिंगाच्या रकान्यात तिसरा पर्याय आला. पुरुष १, स्त्री २, इतर ३. या तिसऱ्या अंकाखाली देशभरातून ४,८७,८०३ माणसे नोंदली गेली, महाराष्ट्रातून ४०,८९१. पुढे तृतीयपंथीयांविषयीच्या जवळजवळ प्रत्येक चर्चेत हाच आकडा फिरत राहिला. तो तयार कसा झाला आणि त्यावर किती विसंबावे, याविषयी हा धागा. लांबलचक आहे, सवडीने वाचावा.

२/
आरंभ १८७१ पासून करावा लागतो. त्या वर्षीच्या कायदा क्रमांक २७ ला आपण 'गुन्हेगार जमाती कायदा' म्हणून ओळखतो. त्याच्या मूळ शीर्षकात मात्र दोन गट होते: गुन्हेगार ठरवलेल्या जमाती आणि 'युनक'. दुसऱ्या गटासाठी कायद्यात स्वतंत्र भागच होता आणि त्याचा मुख्य रोख हिजडा समाजावर होता.

३/
या कायद्यातील व्याख्या अभ्यासकाने नीट पाहावी अशी आहे. जो पुरुष आपण षंढ असल्याचे स्वतः कबूल करतो, किंवा वैद्यकीय तपासणीत तसा स्पष्ट आढळतो, तो 'युनक'. आजच्या सर्वेक्षणाच्या परिभाषेत बोलायचे तर राज्यसंस्थेने विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि त्याच्या उत्तराचे दोनच मार्ग: कबुलीजबाब किंवा अंगतपासणी. माणूस स्वतःला काय समजतो, त्याचे घराणे कोणते, गुरू कोण, या कशालाच त्यात जागा नव्हती.

४/
उत्तराचे पुढे काय होई? मुलांना पळवणे, त्यांचे खच्चीकरण करणे किंवा कलम ३७७ खालील गुन्हे करणे असा ज्यांच्यावर 'वाजवी संशय', त्यांची नावे, पत्ते आणि मालमत्ता नोंदवहीत चढत. नोंद झालेल्या व्यक्तीने रस्त्यावर लोकांना दिसावे अशा हेतूने स्त्रीवेश वा दागिने घातले, सार्वजनिक ठिकाणी नाचगाणे केले, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. तिला मृत्युपत्र करता येत नसे, कोणाला काही दान देता येत नसे, दत्तक घेता येत नसे, अज्ञानाचे पालकत्व स्वीकारता येत नसे. गुरूकडून चेल्याकडे वारसा जाण्याची परंपरा एका वहीतल्या नोंदीने मोडीत निघे.

५/
ही वही प्रामुख्याने वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या बऱ्याचशा भागात, कसोशीने चालवली गेली. इतिहासकार जेसिका हिंची यांचे २०१९ मधील पुस्तक या विषयावर आवर्जून वाचावे.

६/
आपल्याकडची कथा थोडी निराळी. मराठी राज्यांत काही हिजड्यांकडे वंशपरंपरागत जमिनीचे आणि गावातून ठरावीक उत्पन्न गोळा करण्याचे हक्क होते, आणि दप्तरांत त्यांच्या नोंदी होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई सरकारने हे हक्क पुढच्या पिढीकडे जाऊ देणे नाकारले. लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८७ मध्ये यावर सविस्तर लिहिले आहे. म्हणजे नोंद दोन्ही राजवटींत होती. एकीत नाव असले तर जमीन मिळे. दुसरीत नाव असले तर पोलीस येई.

७/
याच दशकात, १८७२ मध्ये, हिंदुस्थानची पहिली जनगणना पुरी झाली. १८८१ पासून ती सर्वत्र एकाच वेळी होऊ लागली. जनगणनेची वही आणि पोलिसांची वही या प्रशासनाच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी होत्या. पण दारात कागद-लेखणी घेऊन उभा राहिलेला सरकारी माणूस आज कोणत्या वहीसाठी आला आहे, हे आतल्या माणसाने कसे ओळखावे?

८/
१९११ च्या नव्या कायद्यातून 'युनक' हा भाग गळाला. उरलेला कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. कलम ३७७ मात्र २०१८ पर्यंत जिवंत होते. २०११ चा प्रगणक दाराशी आला तेव्हा त्या कलमाचे काय होणार हे सर्वोच्च न्यायालयापुढे प्रलंबित होते. 'इतर' या तीन अक्षरांमागे इतके सगळे उभे होते.

९/
आता प्रत्यक्ष मोजणीकडे येऊ. फेब्रुवारी २०११ मध्ये सुमारे २७ लाख कर्मचारी कामाला लागले. त्यांत शाळामास्तर आणि शिक्षिकांचा भरणा मोठा. ते ओसरीवर बसत, कुटुंबप्रमुख किंवा घरातले कोणी जाणते माणूस साऱ्यांची माहिती सांगे, आणि प्रगणक चौकटीत आकडा लिही. शेजारी उभे असत, मुले डोकावत असत. घरातल्या ज्या माणसाविषयी प्रश्न होता, त्याला तो विचारला गेलाच असे नाही. बापाने सांगितले 'मुलगा', संपले. १.

१०/
आणि अनेकदा प्रश्न विचारलाच जात नसावा. नाव ऐकले, चेहरा पाहिला, आकडा टाकला. मराठीत तर ही सोय भाषेनेच करून ठेवली आहे. 'मी पुण्याला असतो' किंवा 'असते' एवढे म्हटले की बोलणाऱ्याचे लिंग ठरले. रकाना आपोआप भरतो. इंग्रजी बोलणाऱ्याला 'मी' म्हणताना जी मुभा असते, ती आपल्याला नाही.

११/
शब्दांची अडचणही आहेच. 'लिंग' हा एकच शब्द आपण अवयवासाठी, व्याकरणासाठी, महादेवासाठी आणि सरकारी अर्जासाठी वापरतो. 'लिंगभाव' हा शब्द विद्यापीठात रुळला, वाड्यावस्त्यांवर गेला नाही. 'इतर' म्हणजे कोण? हिजडा घराण्यातली व्यक्ती स्वतःला स्त्री म्हणून २ सांगू शकते. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेला जोगता स्वतःला जोगता म्हणतो. तो १ की ३? जन्मतः मुलगी म्हणून नोंदला गेलेला आणि आज पुरुष म्हणून जगणारा माणूस 'इतर' का म्हणवून घेईल? तो सरळ १ सांगेल, आणि त्याच्या दृष्टीने ते उत्तर अचूक असेल.

१२/
एवढ्यावरून वाटेल की ४,८७,८०३ हा आकडा निश्चितच कमी आहे. बहुतेक लेखन इथेच थांबते. पण त्याच तक्त्यांत एक दुसरी संख्या आहे, आणि ती मला फार दिवस अस्वस्थ करीत आली आहे: 'इतर' म्हणून नोंदलेल्यांत ० ते ६ वयोगटातली बालके ५४,८५४.

१३/
म्हणजे एकूण 'इतर'पैकी सुमारे ११ टक्के. देशाच्या लोकसंख्येत या वयोगटाचे प्रमाण तेव्हा १३ टक्क्यांच्या आसपास होते. दोन्ही प्रमाणे इतकी जवळ का असावीत? हिजडा समाजात माणूस साधारणतः किशोरवयात किंवा त्यानंतर जातो. आपली लिंगभाव ओळख घरी सांगण्याचे धैर्यही तिसऱ्या वर्षी कोणी करीत नाही. मग या गटात बालके तुरळक असायला हवीत.

१४/
कोणी म्हणेल, आंतरलिंगी बालकांच्या पालकांनी मोकळेपणाने नोंद केली. काहींनी केलीही असेल. पण त्यातून सर्वसामान्य लोकसंख्येसारखीच वयाची रचना तयार होणार नाही. अशी रचना मुख्यतः एकाच कारणाने येते: चुका सर्व वयांवर सारख्या पसरतात. घाईत १ किंवा २ च्या जागी ३ लिहिला गेला, हस्ताक्षर वाचणाऱ्या यंत्राने २ चा ३ वाचला. गणित करून पाहा. १२१ कोटी नोंदींत दर दहा हजारांत एकच अशी चूक झाली, तरी १,२१,००० 'इतर' कागदावर जन्माला येतात.

१५/
माझ्या मते या आकड्याचे खरे स्वरूप असे आहे: खरे तृतीयपंथी मोठ्या संख्येने त्यात आलेच नाहीत, आणि जे आले आहेत त्यांतले बरेच तृतीयपंथी नाहीत. दोन विरुद्ध दिशांच्या चुका एकमेकींना झाकून बसल्या आहेत. बेरीज योगायोगाने बरोबर निघाली, तरी तिच्यावर आधारलेले बाकीचे तक्ते (साक्षरता ५६ टक्के, अमुक जिल्ह्यात इतके, तमुक जातीत तितके) कोणाविषयी बोलत आहेत, ते सांगता येत नाही.

१६/
हा दोष भारताचाच आहे असे समजू नये. लहान गट मोजताना मोठ्या गटाची किरकोळ चूकही त्याला गिळून टाकते. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत समलिंगी जोडप्यांची घरे ९,०१,९९७ भरली. तिथल्या जनगणना कार्यालयाने मग नावे तपासली. नवरा-बायकोंच्या अर्जांत एकाच्या लिंगापुढे चुकून भलतीच खूण पडली होती, आणि स्त्री-पुरुषांची असंख्य जोडपी समलिंगी ठरली होती. सुधारित आकडा आला ६,४६,४६४. अडीच लाख घरे चुकलेल्या खुणांची होती.

१७/
इंग्लंड-वेल्सची कथा अधिक ताजी आणि अधिक बोधप्रद. मार्च २०२१ च्या जनगणनेत १६ वर्षांवरील प्रत्येकाला एक ऐच्छिक प्रश्न होता. त्याचा आशय असा: तुम्ही स्वतःला ज्या लिंगाचे मानता, ते जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगासारखेच आहे का? ९४ टक्के लोकांनी उत्तर दिले. 'नाही' म्हणणारे २,६२,००० निघाले, म्हणजे अर्धा टक्का. कौतुक झाले: राष्ट्रीय पातळीवर इतक्या थेट विचारणारी ही पहिलीच जनगणना.

१८/
मग लोकांनी स्थानिक आकडे पाहिले. सर्वाधिक प्रमाण कुठे? लंडनच्या न्यूहॅम आणि ब्रेंट या भागांत, जिथे स्थलांतरितांची दाट वस्ती आहे आणि घराघरांत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषा बोलल्या जातात. इंग्रजी नीट न येणाऱ्यांत 'नाही' म्हणणाऱ्यांचे प्रमाण इतरांहून बरेच जास्त होते. आणखी एक खूण: त्या २,६२,००० पैकी सुमारे १,१८,००० जणांनी 'नाही' म्हटले, पण आपली ओळख कोणती ते लिहिलेच नाही.

१९/
समाजशास्त्रज्ञ मायकेल बिग्ज यांनी यावर बोट ठेवले. इंग्रजी वाक्यरचना गुंतागुंतीची होती. परक्या भाषेत ती वाचणाऱ्याला आपल्याला काय विचारले आहे तेच उमगले नसावे. २०२४ मध्ये या आकडेवारीचा अधिकृत मान्यताप्राप्त दर्जा काढून घेण्यात आला आणि ती 'विकसित होत असलेली' या वर्गात गेली. ट्रान्स व्यक्तींच्या विरोधकांनी या प्रकरणाचा भरपूर वापर केला, हेही खरे. पण चूक दाखवणारा कोणत्या गोटातला आहे, यावरून चूक नाहीशी होत नाही.

२०/
स्कॉटलंडने वर्षभराने, २०२२ मध्ये, तोच विषय साध्या शब्दांत विचारला: तुम्ही स्वतःला ट्रान्स समजता का, किंवा तुमचा तसा पूर्वेतिहास आहे का? इथे 'हो' म्हणावे लागते. प्रश्न न कळलेला माणूस सहसा 'नाही' म्हणून पुढे जातो, आणि ती चूक निरुपद्रवी ठरते. कोणत्या बाजूला चूक होऊ द्यायची, हे प्रश्न लिहिणाऱ्याच्या हाती असते.

२१/
कॅनडाने २०२१ मध्ये प्रश्नाचे दोन तुकडे केले. आधी जन्मावेळचे लिंग, मग वेगळ्या ओळीत आजचे. प्रत्येक प्रश्न एका दमात वाचता येणारा. 'ट्रान्स' हा शब्द कोणाला उच्चारावा लागत नाही. दोन उत्तरांच्या तुलनेतून ते कळते. १५ वर्षांवरील सुमारे ३ कोटी ५ लाख लोकांत १,००,८१५ ट्रान्स किंवा नॉन-बायनरी व्यक्ती नोंदल्या गेल्या. स्वतःला सरळ 'पुरुष' म्हणवणारा आपला मघाचा माणूसही या पद्धतीत हरवत नाही, आणि 'इतर' म्हणवून घेण्याची नामुष्कीही त्याच्यावर येत नाही.

२२/
आतापर्यंत लिंगभावाविषयी बोललो. लैंगिक कल ही याहून निसरडी गोष्ट, कारण मोजायचे नेमके काय हेच आधी ठरवावे लागते. १९४८ मध्ये आल्फ्रेड किन्सी यांनी सुमारे ५,३०० गोऱ्या अमेरिकन पुरुषांच्या मुलाखतींवरून तीन आकडे दिले: आयुष्यात कधीतरी समलिंगी अनुभव आलेले ३७ टक्के, किमान तीन वर्षे जवळजवळ केवळ समलिंगीच राहिलेले १० टक्के, आयुष्यभर केवळ समलिंगी असलेले ४ टक्के. माणसे तीच, मुलाखती त्याच, प्रश्न वेगळे. जगाने त्यातला १० उचलला आणि 'दहांत एक' अशी घोषणा केली.

२३/
त्यांचा नमुनाही सदोष होता. तुरुंगातले कैदी आणि आपणहून पुढे आलेले लोक त्यात प्रमाणाबाहेर होते. १९५४ मध्ये कॉक्रन, मोस्टेलर आणि ट्यूकी या तिघा मातब्बर संख्याशास्त्रज्ञांनी त्याची रीतसर चिरफाड केली. (संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा अहवाल चुकवू नये.)

२४/
१९९२ मध्ये अमेरिकेत यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ३,४३२ जणांचे सर्वेक्षण झाले. एडवर्ड लाउमन आणि सहकाऱ्यांनी तीन गोष्टी जाणूनबुजून वेगळ्या विचारल्या: ओढ, कृती आणि ओळख. स्वतःला समलिंगी वा उभयलिंगी म्हणवणारे पुरुष निघाले २.८ टक्के. तिन्हींपैकी एकात तरी बसणारे १०.१ टक्के. यातला खरा आकडा कोणता, हा प्रश्न निरर्थक आहे. एचआयव्हीचा कार्यक्रम आखायचा तर कृती हवी. नोकरीतला भेदभाव मोजायचा तर ओळख.

२५/
आणि विचारणारा समोर असणे न असणे याचा परिणाम किती? १९९५ मध्ये अमेरिकेत १५ ते १९ वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला. काहींनी छापील प्रश्नपत्रिका हाताने भरली. काहींच्या कानाला हेडफोन. संगणक प्रश्न वाचून दाखवी आणि ते एकांतात कळ दाबत. पुरुषांशी संबंध आल्याचे कागदावर सांगणारे १.५ टक्के. संगणकाला सांगणारे ५.५ टक्के. कागद भरतानाही त्यांना तो कोणाच्या तरी हाती द्यायचा होता, हे लक्षात घ्या. आपल्या ओसरीवर तर प्रश्न मोठ्याने विचारला जातो.

२६/
आकड्यावर इतका काथ्याकूट कशासाठी, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी ११ डिसेंबर २०१३ ची तारीख. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ कायम ठेवले. निकालातल्या कारणांपैकी एक असे की हे लोक देशाच्या लोकसंख्येचा अत्यल्प अंश आहेत. सरकारने न्यायालयाला सांगितलेला आकडा होता सुमारे २५ लाख, आणि तो आला होता एड्स नियंत्रणाच्या कामातून. त्या कामाला संसर्गाची जोखीम असलेले पुरुष मोजायचे होते. स्त्रिया त्यात नव्हत्या. घरात गप्प बसलेले नव्हते. औषधे आणि निरोध पुरवण्यासाठी केलेला अंदाज घटनात्मक हक्काच्या निवाड्यात संख्याबळ म्हणून वाचला गेला.

२७/
२०१७ च्या खासगीपणाच्या निकालात आणि २०१८ च्या नवतेज जोहर निकालात न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला: हक्क संख्येवर अवलंबून नसतात. योग्यच झाले. पण घरकुले, शिष्यवृत्त्या, रुग्णालयातल्या खाटा संख्येवरच अवलंबून असतात. २०१४ च्या नालसा निकालाने तृतीयपंथीयांना सामाजिक-शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण देण्यास सांगितले. ते किती जणांना द्यायचे, हा प्रश्न विचारताच आपण पुन्हा ४,८७,८०३ शी येऊन ठेपतो.

२८/
मग आपल्याकडे मोजावे कसे? लैंगिक कल जनगणनेत विचारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जिथे एक माणूस साऱ्या घराची उत्तरे देतो, तिथे मुलीच्या मनातली गोष्ट बापाला विचारण्यात अर्थ नाही. धोका मात्र आहे. त्यासाठी नमुना सर्वेक्षण हवे, आणि त्याची शिस्त आपल्याकडे आधीपासून आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरगुती हिंसेचे प्रश्न एका घरातल्या एकाच स्त्रीला, आणि पूर्ण एकांत मिळाला तरच विचारतात. कोणी मध्येच आले तर विषय बदलायचा, हे मुलाखत घेणारीला शिकवलेले असते. या शिस्तीत हे प्रश्न सहज बसतील.

२९/
लिंगभावासाठी दोन तुकड्यांचा प्रश्न, आणि तो अनुवादातून आलेला नको. 'जन्माच्या वेळी तुमची नोंद मुलगा म्हणून झाली की मुलगी म्हणून?' आणि मग, 'आज तुम्ही स्वतःला काय म्हणवता?' दुसऱ्याच्या उत्तरात पुरुष, स्त्री, हिजडा, तृतीयपंथी, जोगता असे लोकांच्या तोंडचे शब्द हवेत, शिवाय मोकळी ओळ. प्रगणकाने प्रश्न मोठ्याने वाचणे बंधनकारक असावे, चेहऱ्यावरून उत्तर भरण्यास मनाई असावी. आणि छापण्याआधी हा प्रश्न नंदुरबारात, सांगलीत, भिवंडीत विचारून, 'तुम्हाला यातून काय कळले?' असे उलट विचारून घ्यावे. ब्रेंटमध्ये नेमके हेच कमी पडले.

३०/
आणि वहीचे काय? १९४८ च्या जनगणना कायद्याचे १५ वे कलम सांगते की वैयक्तिक नोंद कोणालाही पाहायला मिळणार नाही. ती न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. हे संरक्षण कडक आहे. पण किती प्रगणक हे वाक्य दारात उभे राहून मोठ्याने म्हणतात? १८७१ ची आठवण ज्या समाजात गुरूकडून चेल्याकडे आली आहे, तिथे हे वाक्य प्रश्नाच्या आधी यायला हवे, अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक टायपात नव्हे.

३१/
लोकसंख्येच्या पुढच्या मोजणीचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. यंदा प्रगणकाच्या हाती कागदाऐवजी मोबाइल आहे, आणि कुटुंबाला आपली माहिती संकेतस्थळावर स्वतः भरण्याची मुभाही आहे. हस्ताक्षर वाचण्यातली चूक त्यामुळे जाईल. हिजड्यांचे एखादे घर आपला अर्ज आपल्या हातांनी, कोणी न्याहाळत नसताना भरू शकेल. असे या देशात आजवर घडले नव्हते. मात्र आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा किंवा मुलीचा रकाना तेव्हाही, घरातल्या ज्याच्या हाती तो मोबाइल असेल, तोच भरेल.